आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णावर घरात हिंसा होत आहे हे कसे ओळखावे, आणि पुरुष रुग्णांनाही तसे विचारावे का?

आपण प्रश्नात लिहिले आहे की आपण नुकतेच आपत्कालीन विभागात परिचारक म्हणून रुजू झाला आहात, ‘बाई जखमी होऊन आली तर घरचे विचारायचे’ एवढेच आपल्याला सांगण्यात आले आहे, आणि गेल्या आठवड्यात दंडावर माणसाने चावल्याची जखम असलेला एक पुरुष ‘काही नाही, असंच झालं’ म्हणून मलमपट्टी करून निघून गेल्यापासून आपल्याला चैन पडलेले नाही. मी बरीच वर्षे अशाच विभागात डॉक्टर म्हणून काम केले आहे. पुरुषांनाही विचारले पाहिजे, हे माझे उत्तर आहे. त्याला जोडून एक गोष्ट सांगते, जी मला उशिरा समजली: जखम पाहून आपल्याला फक्त संशय घेता येतो, ओळखायचे असेल तर रुग्णाला एकट्याला गाठून स्पष्ट शब्दांत विचारावेच लागते, आणि ज्यांच्याबद्दल आपल्याला संशयच येत नाही त्यांनाही विचारावे लागते.

हे मी चूक करून शिकले. चाळिशीतला एक माणूस पाठ आणि उजवा खांदा भाजून आला होता. गरम पाण्याचे पातेले हातातून निसटले असे त्याने सांगितले, मी पट्टी केली आणि केसपेपरवर ‘अपघाताने भाजणे’ असे लिहिले. स्वतःच्या हातातून निसटलेले पाणी पोटावर, मांड्यांवर, पावलांवर पडते, पाठीवर पडत नाही, हे मला तेव्हाही माहीत होते. त्या जागी लहान मूल असते तर मी क्षणभरही थांबले नसते, बाई असती तर बहुधा विचारले असते. सुमारे दोन महिन्यांनी तो कोपराखालचे हाड मोडून परत आला तेव्हा जुने कागद माझ्यासमोर होते. त्यांत माझ्या नोंदीच्याही आधीची, डोक्याला टाके घातल्याची एक नोंद होती, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘मारामारी’. कोणाशी, हे त्याला कोणीही विचारलेले नव्हते. त्या दिवशी आमच्या एका ज्येष्ठ सिस्टरनी एक्स-रेच्या खोलीबाहेर तो एकटा बसलेला असताना त्याला हळू आवाजात विचारले, ‘हे घरातल्या कोणी केलं का?’ तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, ‘तुम्ही हे कागदावर लिहिलंत तर घरी कळेल का?’

त्यानंतर मी आमच्याच विभागातील नोंदी वेगळ्या नजरेने वाचू लागले. जखमी माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याच्यासाठी आपल्याकडे एक कारण तयारच असते. बाई आली की ‘पडली’, तरुण पुरुष आला की ‘मारामारी’ किंवा ‘कामावर लागलं’, वृद्ध आला की ‘तोल गेला’. ही कारणे रुग्णाने सांगितलेली असतीलच असे नाही. पुष्कळदा ती ट्रायजच्या टेबलावर, म्हणजे आलेल्या रुग्णांची तातडीनुसार वर्गवारी होते तिथे, आपण सुचवतो आणि रुग्ण सुटका झाल्यासारखी मान हलवतो. बाईच्या बाबतीत निदान त्या कारणावर शंका घ्यायला आपल्याला शिकवलेले असते. पुरुषाच्या बाबतीत मात्र ‘मारामारी’ हा शब्द उत्तरासारखा वाटतो आणि पुढचा प्रश्न तिथेच थांबतो.

प्रमाणाचे भान ठेवूनच हे सांगते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालासाठीच्या अंदाजानुसार जगातील १५ ते ४९ वयोगटातील, कधी ना कधी जोडीदार असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली आहे. खुनांच्या बाबतीत तर फरक फारच मोठा आहे. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, ६६ देशांची आकडेवारी तपासणाऱ्या अभ्यासात खून झालेल्या स्त्रियांपैकी ३८.६ टक्के, तर खून झालेल्या पुरुषांपैकी ६.३ टक्के व्यक्ती जोडीदाराच्या हातून मारल्या गेल्याचे आढळले होते. तेव्हा दोन्हींकडे सारखेच आहे असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. पण ६.३ टक्के म्हणजे शून्य नव्हे, आणि आपल्यासमोर खाटेवर बसलेला रुग्ण हा आकडा नसतो. फिलाडेल्फियातील एका आपत्कालीन विभागात आलेल्या ८६६ पुरुषांना एका संशोधक गटाने विचारले तेव्हा १२.६ टक्के पुरुषांनी आदल्या वर्षभरात स्त्री जोडीदाराकडून हिंसा झाल्याचे सांगितले. तो अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुष जोडीदाराने, मुलाने, भावाने किंवा बापाने केलेली हिंसा मोजलेलीच नव्हती, आणि घरातील हिंसा म्हणजे फक्त नवरा-बायकोमधली हिंसा नव्हे हे आपल्या कामात पावलोपावली दिसते.

आता खुणांविषयी. पुस्तकांत त्यांच्या लांबलचक याद्या असतात, मी फक्त ज्यांच्यावर मी स्वतः थांबते त्या सांगते. पहिली आणि सर्वांत उपयोगी खूण म्हणजे सांगितलेली हकीकत आणि जखमेची जागा यांचा मेळ न बसणे, जसा त्या भाजलेल्या पाठीचा बसत नव्हता. पडणारा माणूस तळहात, कोपर, गुडघे, कपाळ असे पुढे आलेले भाग खरचटून घेतो. कानामागे, मानेवर, दंडाच्या आतल्या बाजूला, पाठीवर किंवा मांडीच्या आत लागलेले असेल तर ते पडण्याने कसे झाले, याची कल्पना मनाशी करून पाहावी. हाताच्या पुढच्या भागातील करंगळीकडचे हाड एकटेच मोडलेले असेल तर डोके वाचवण्यासाठी हात आडवा धरला होता का, हा विचार मनात आलाच पाहिजे. जखम होऊन दोन-तीन दिवसांनी येणे, थोड्या काळात वेगवेगळ्या कारणांनी पुन्हा पुन्हा येणे, सोबतच्या माणसाने रुग्णाच्या वतीने सगळी उत्तरे देणे आणि बाहेर थांबायला नकार देणे, याही गोष्टी लक्षात घ्याव्यात. गर्भवती स्त्रीच्या पोटावरचा किंवा छातीवरचा मार कधीही सहज घेऊ नये. पुरुषांमध्ये मला फेकलेल्या वस्तूंनी झालेल्या डोक्याच्या जखमा, चावे, चेहऱ्यावरचे आणि मानेवरचे ओरखडे, उकळत्या पाण्याने भाजणे आणि धारदार वस्तूचे वार अधिक दिसले आहेत. हा माझा अनुभव आहे, नियम नव्हे.

एक सावधगिरी इथेच सांगते, कारण ती मी नव्या डॉक्टरांनाही वारंवार सांगत असते. काळानिळा वळ किती दिवसांचा आहे हे त्याच्या रंगावरून खात्रीने सांगता येत नाही. ‘वेगवेगळ्या दिवसांचे वळ’ असे केसपेपरवर ठामपणे लिहू नका. जागा, आकार, रंग, माप लिहा आणि निष्कर्ष तिथे ओढू नका. दुसरे असे की घरातील हिंसा सोसणारे कितीतरी रुग्ण जखम घेऊन येतच नाहीत. न थांबणारी डोकेदुखी, पोटदुखी, छातीत धडधड, झोप न लागणे, गोळ्यांचा जास्त डोस घेणे, स्वतःला इजा करून घेणे, दारूच्या अमलाखाली येणे अशा तक्रारींच्या मागे ती दडलेली असते. म्हणून फक्त जखमींना विचारून भागत नाही.

गळा दाबण्याविषयी मात्र मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण यात चुकले तर जीव जातो. रुग्ण ‘गळा दाबला’ असे क्वचितच सांगतो. ‘घसा बसलाय’, ‘गिळताना दुखतंय’, ‘मध्येच काही आठवत नाही’ असे तो सांगतो. मानेवर खूण नाही म्हणून काही झाले नाही असे समजू नये. पोलिसांकडे नोंदवलेल्या अशा ३०० घटनांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात निम्म्या प्रकरणांत बाहेरून दिसणारी कोणतीही जखम नव्हती. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, पापण्यांच्या आत, कानांमागे रक्ताचे बारीक लाल ठिपके शोधावेत. आवाज बदलला आहे का, काही क्षण शुद्ध हरपली होती का, त्या वेळी नकळत लघवी झाली होती का, हे विचारावे. दाबाने मानेतील रोहिणीच्या आतल्या अस्तराला चीर पडली असेल तर पक्षाघात काही तासांनी किंवा दिवसांनीही होऊ शकतो, म्हणून अशा रुग्णाला ‘ठीक दिसतोय’ म्हणून घरी न पाठवता लगेच डॉक्टरांना दाखवावे आणि मानेच्या रक्तवाहिन्यांच्या सीटी तपासणीचा विचार व्हावा. पुढच्या धोक्याचीही ही सर्वांत मोठ्या सूचनांपैकी एक आहे. जोडीदाराने याआधी गळा दाबलेल्या स्त्रियांमध्ये पुढे त्याच्या हातून खून होण्याची शक्यता सुमारे सातपट असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले होते.

विचारायचे कसे, हा आपल्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. पहिली अट एकांताची. पडदा ओढला म्हणजे एकांत झाला असे नाही, पडद्यातून शब्द आरपार जातो. बोलता येणाऱ्या मुलासमोरही विचारू नये, कारण ते मूल घरी जाऊन ऐकलेले सांगते. भाषेची अडचण असेल तर नातेवाइकाला दुभाषी करू नये. सोबतच्या माणसाला ‘बाहेर जा’ म्हटले तर तो सावध होतो. त्याऐवजी एक्स-रे, वजन, लघवीचा नमुना अशा निमित्ताने रुग्णाला आपण घेऊन जावे, आणि तपासणीच्या वेळी प्रत्येक रुग्णाला काही मिनिटे एकटे भेटण्याचा नियमच विभागाने करावा. नियम सर्वांना सारखा असला की कोणाच्या मनात शंका येत नाही आणि रुग्णालाही आपल्यालाच वेगळे काढले असे वाटत नाही.

दुसरी अट शब्दांची. ‘तुमच्यावर घरात अत्याचार होतो का’ असे विचारले तर पुरुष नाही म्हणतो, आणि बऱ्याच स्त्रियाही नाही म्हणतात, कारण आपल्या बाबतीत जे घडते त्याला तो शब्द त्यांनी कधी लावलेला नसतो. कृतीचे नाव घेऊन विचारावे. मी साधारणपणे असे म्हणते: ‘अशी जखम कधी कधी जवळच्या माणसाच्या हातून झालेली असते, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. गेल्या वर्षभरात तुम्हाला कोणी मारलं, ढकललं, लाथ मारली किंवा काही फेकून मारलं का? कोणी?’ यातला ‘कोणी’ हा शब्द पुरुषांसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या भागाला ते सहज ‘हो, झालं होतं एकदा’ म्हणून जातात आणि आपण मनात रस्त्यावरचे भांडण गृहीत धरतो. भीतीविषयीचा प्रश्नही शब्द बदलून विचारावा लागतो. ‘घरी जायची भीती वाटते का’ याला पुरुषाचे उत्तर बहुधा नकाराचे येते. ‘घरी वाद होऊ नये म्हणून तुम्हाला काय काय टाळावं लागतं’ असे विचारले की तोच माणूस सांगू लागतो की मित्रांचे फोन घेणे बंद केले आहे, पगार हातात राहत नाही, रात्री मुलांच्या खोलीत झोपतो.

तयार प्रश्नावल्याही आहेत. आपत्कालीन विभागासाठी बनवलेली तीन प्रश्नांची एक प्रश्नावली १९९७ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात कोणी इजा केली का आणि कोणी, सध्याच्या नात्यात सुरक्षित वाटते का, पूर्वीच्या जोडीदारापासून आता धोका वाटतो का, एवढेच ती विचारते. ती स्त्रियांवर तपासली तेव्हा हिंसा सोसणाऱ्यांपैकी सुमारे ६५ ते ७१ टक्के स्त्रिया तिने ओळखल्या, म्हणजे साधारण तिघींपैकी एक तिच्यातूनही निसटली. ‘हिट्स’ या नावाने ओळखली जाणारी १९९८ सालची प्रश्नावली मारणे, अपमान करणे, धमकावणे आणि अंगावर ओरडणे किंवा शिव्या देणे या चार गोष्टी किती वेळा होतात हे विचारते. प्रत्येकीला १ ते ५ गुण असतात आणि बेरीज १० च्या वर गेली की पुढची चौकशी करायची. या दोन्ही पुरुषांवरही तपासल्या गेल्या आहेत, पण ते निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. काही ठिकाणी त्या चांगल्या ठरल्या, काही ठिकाणी त्यांतून बरेच पुरुष सुटले. म्हणून पुरुषाच्या कागदावर ‘तपासणी नकारार्थी’ असे लिहिलेले दिसले तरी मी माझा प्रश्न विचारतेच. प्रश्नावली रुग्णाला स्वतः भरायला दिली तर समोरासमोर बोलण्यापेक्षा ते सोपे जाते असे पुष्कळ स्त्रियांनी एका मोठ्या अभ्यासात सांगितले होते, आणि लाजेने गप्प बसणाऱ्या पुरुषांनाही त्याचा उपयोग होतो असे माझे मत आहे.

सर्वांना विचारावे की फक्त संशय आला तर, यावर तज्ज्ञांत एकमत नाही, हेही आपल्याला माहीत असावे. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञ मंडळाने २०१८ साली प्रजननवयातील सर्व स्त्रियांना विचारण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वांना सरसकट विचारण्याची शिफारस केलेली नाही, तर जिथे लक्षणे किंवा जखमा तसे सुचवतात तिथे विचारावे असे म्हटले आहे. यामागचे कारण असे की नुसते विचारल्याने ओळख वाढते, पण पुढे आधार मिळाला नाही तर हिंसा कमी झाल्याचा पुरावा मिळत नाही. मी हा आक्षेप गंभीरपणे घेते. तरीही आपत्कालीन विभागात मी सर्वांना विचारण्याच्या बाजूची आहे, कारण ‘संशय आला तर विचारा’ या नियमात संशय आपल्या पूर्वग्रहातून येतो, आणि त्या पूर्वग्रहात पुरुष, वृद्ध, आणि चांगल्या कपड्यांत आलेली शिकलेली बाई बसत नाही.

रुग्णाने हो म्हटले तर पहिली पाच मिनिटे फार मोलाची असतात. मध्येच न तोडता ऐकावे, ‘तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत, यात तुमचा दोष नाही’ असे स्पष्ट म्हणावे, आणि ‘मग सोडून का जात नाही’ हे चुकूनही विचारू नये, कारण वेगळे होण्याच्या सुमारास धोका अनेकदा वाढतो. नंतर आज घरी जाणे सुरक्षित आहे का हे ठरवावे. गेल्या सहा महिन्यांत मारहाण वाढली आहे का, शस्त्र वापरले किंवा त्याची धमकी दिली का, ती व्यक्ती आपल्याला मारून टाकू शकेल असे वाटते का, गरोदरपणात मारले होते का, सतत हिंसक संशय घेतला जातो का, अशा पाच प्रश्नांची छोटी यादी आपत्कालीन विभागांसाठी २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी तीन प्रश्नांना होकार आला तर धोका मोठा समजतात. ती स्त्रियांसाठी तपासलेली आहे. गरोदरपणाचा प्रश्न सोडून बाकीचे मी पुरुषांनाही विचारते, पण तिथे गुण मोजत नाही. घरात मुले असतील तर त्यांच्याविषयीही विचारावे.

पुरुषांच्या बाबतीत एक अवघड बाब उरते आणि ती टाळून चालणार नाही. हिंसा करणारा माणूसही जखमी होऊन येतो आणि स्वतःला बळी म्हणवतो. दाबून धरलेल्या बाईने सुटण्यासाठी घेतलेला चावा त्याच्या दंडावर असू शकतो. चाव्यावरून किंवा ओरखड्यांवरून कोण कोणाला मारत होते याचा निवाडा आपण करू शकत नाही आणि करूही नये. आपण उपचार करावेत, ऐकावे, जे दिसले ते लिहावे. घरात कोण कोणाला घाबरते, पैसा, फोन आणि ये-जा कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नांच्या उत्तरांतून चित्र बरेच स्पष्ट होते. जोडपे दोघेही जखमी होऊन आले तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या परिचारकांकडे द्यावे, आणि एकाने सांगितलेले दुसऱ्यासमोर कधीही उच्चारू नये.

आता माझ्या त्या भाजलेल्या रुग्णाच्या प्रश्नाकडे येते, की कागदावर लिहिले तर घरी कळेल का. कळू शकते. म्हणून रुग्णालयात राहणाऱ्या नोंदीत सविस्तर लिहावे: रुग्णाचे शब्द अवतरणात, कोणी केले असे तो सांगतो ते नाते, शरीराच्या आराखड्यावर जखमांच्या जागा, संमती असेल तर छायाचित्रे. ‘रुग्ण असा आरोप करतो’ असे लिहू नये, ‘रुग्ण सांगतो’ असे लिहावे, कारण आरोप हा शब्द अविश्वास दाखवतो. घरी जाणाऱ्या कागदावर मात्र फक्त जखम आणि औषधे असावीत. मोबाइलवर अहवाल पाहण्याची सोय असेल तर ती कोणाच्या हातात आहे हे विचारून घ्यावे. मदत केंद्राचा क्रमांक देताना तो कागदावर हवा, तोंडी हवा की नकोच, हे रुग्णाला ठरवू द्यावे, आणि ते केंद्र पुरुषांना मदत करते का याची आपण आधी खात्री करून घ्यावी. फोन केल्यावर ‘आम्ही फक्त स्त्रियांसाठी आहोत’ असे उत्तर मिळालेला पुरुष पुन्हा कोणाला सांगेल असे मला वाटत नाही. पोलिसांना कळवणे केव्हा बंधनकारक असते याचे नियम जागोजागी वेगळे असतात. ते माहीत करून घ्या आणि रुग्ण बोलायला लागण्यापूर्वीच त्याला सांगा, म्हणजे त्याची फसवणूक होणार नाही.

रुग्णाने नाही म्हटले तर ते मान्य करावे. दार मात्र उघडे ठेवावे.

आपल्या त्या रुग्णाच्या बाबतीत अजून संधी आहे. माणसाचा चावा लवकर पिकतो, म्हणून अशी जखम पुन्हा तपासावी लागते. तो पट्टी बदलायला आला नसेल तर फोन करून बोलवा, पण फोनवर जखमेपलीकडे काही बोलू नका, कारण पलीकडे कोण ऐकते आहे हे आपल्याला दिसत नाही. आला की त्याला ड्रेसिंगच्या खोलीत एकट्याला घ्या आणि पट्टी सोडता सोडता, त्याच्या चेहऱ्याकडे रोखून न पाहता, विचारा, ‘मागच्या वेळी मी विचारायला हवं होतं ते राहून गेलं. हे घरातल्या कोणी केलं का?’ मग थांबा. उत्तर यायला एखादे मिनिट लागू शकते. ते मिनिट आपण बोलून भरू नका.